न पिता झिंगलेला मास्तर

आजार लपवून कुणाची अब्रू वाढलेली तुम्ही पाहिली आहे का? मी दोन वर्षं लपवला, आणि पनवेलच्या भर बाजारात दारुडा ठरलो.

एकोणिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. रोज सुई, तीही जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. वडील सभांमधून आणत त्या पत्रकांवर मी लहानपणी अक्षरं लावून वाचायला शिकलो. अन्याय दिसला की चव्हाट्यावर मांडायचा, हे माझं ब्रीद. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र दार लावून घेतलं. आई सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत ठेवलेली असे. साखर किती ते कळायला लघवी निळ्या औषधात तापवून रंग बघायचा. हिरवा आला तर बरं, विटकरी आला म्हणजे साखर वाढलेली, मग आई माझ्या ताटातला भात कमी करी. शेजारणींना तिचं उत्तर ठरलेलं, "ताकदीचं इंजेक्शन घेतो."

कधीकधी आठ-आठ दिवस मला काही करावंसं वाटत नसे. शाळेतून आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. त्याला तर आमच्या घरात नावच नव्हतं.

ते दिवस दारूबंदीचे होते आणि मी तिचा कट्टर प्रचारक. एका रविवारी बाजारात सभा होती. सकाळी सुई घेतलेली, म्हणजे वेळेवर जेवणं भागच, नाहीतर साखर एकदम उतरते. पण भाषणं लांबली. पिशवीत भाकरी होती. काढली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मी पत्रकं वाटत राहिलो. मग माणसं दोन-दोन दिसू लागली आणि पाय भलतीकडेच पडू लागले.

"अरे बघा, दारूबंदीवालाच ढोसून आलाय!" कुणीतरी ओरडलं.

हवालदाराने माझं तोंड हुंगलं. "वास तर येत नाही."

"मग भांग असेल, साहेब!"

मी काही बोलू गेलो, पण जीभ वळेना. लोक आणखीच हसले. तेवढ्यात मिठागराकडच्या गावातून वांगी विकायला आलेली एक बाई टोपली सोडून उठली.

"सोरा त्याला! प्यालेला नाय तो. घामानं निथळतोय, दिसत नाय तुमाला? माझा सासरा सुई घ्यायचा, त्याला असाच व्हायचा." तिने शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा उचलला. "चघळ रं लेका. हळू."

थोड्या वेळाने मी उठून बसलो. हवालदार निघून गेला, बातमी मात्र गावभर झाली.

सोमवारी आईने दारातच बजावलं, "चक्कर आली म्हण. आजाराचं बोललास तर कोण मुलगी देईल?"

शाळेत हेडमास्तरांनी समोर उभं केलं. "मास्तर, पालक विचारतायत. प्यालेला शिक्षक मी ठेवू शकत नाही. खरं काय ते सांगा."

नोकरी त्या एका उत्तरावर होती. चक्कर म्हटलं असतं, तर आज सुटलो असतो आणि पुढच्या वेळी पुन्हा कुणी तोंड हुंगलं असतं. सकाळी निघताना पिशवीत टाकलेली सिरिंज आणि बाटली मी काढून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून पडण्यासकट.

त्यांनी सिरिंज उचलून पाहिली. "हे रोज?"

"रोज."

"आणि आम्हाला कळू नये म्हणून उपाशी राहता? पोरांना शहाणपण शिकवता ना तुम्ही?" मग शिक्षकांच्या खोलीत जाऊन मोठ्याने म्हणाले, "हे मास्तर दहा वाजता वर्गातच खातील. आणि ते डुलायला लागले तर साखर द्यायची, हुंगत बसायचं नाही!"

आजार गेलेला नाही. रंग अजून कधी विटकरी येतो, ते मलूल दिवसही येतात. पण आता शेजारच्या वर्गाचे गुरुजी संध्याकाळी दारात उभे राहतात. "चला, तळ्याला एक फेरी." मी कुरकुरतो आणि चपला घालतो. परतताना बहुधा भूक लागलेली असते.

तुम्हाला असा रोजचा आजार असेल, शरीराचा असो की मनाचा, तर तुमच्या शेजारी बसून काम करणाऱ्या एका माणसाला आजच आजाराचं नाव घेऊन सांगा. आणि वेळ आली तर त्याने काय करायचं, तेही सांगून ठेवा.