उंदराच्या डोक्याची सोनोग्राफी

ये गं, अशी जवळ बस. सणासुदीला तोंड दाखवतेस, आणि तेही मोबाईलमध्ये खुपसलेलं! ऐक. गेल्या महिन्यात मनमाडच्या बहिणीकडून नाशिक रोडला परत येत होते, उतरून थेट डॉक्टरांकडे जायचं होतं. गाडीत शेजारी एक मुलगी, रुमालानं सारखी बोटं पुसत होती. म्हणाली, "सवयच लागलीय, आजी. प्रयोगशाळेत उंदरांची सोनोग्राफी करते ना, ते जेल फार चिकट असतं."

मी विचारलं, "कितवा महिना?"

ती इतकी हसली, की समोरचे काका दचकून जागे झाले. "पोटाची नाही, डोक्याची! औषध दिलं की मेंदूत कुठे रक्त जास्त धावतं, कुठे कमी, ते दिसतं. तरी आमच्याही दारावर पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही."

मग मीही हळूच सांगून टाकलं. झोपेच्या गोळीनं दिवसभर डोकं जड होतं, म्हणून मी ती कुंडीत टाकते आणि डॉक्टरांना सांगते, छान झोप लागते.

तिचा रुमाल थांबला. "उंदराला सांगता येत नाही, म्हणून एवढं मोठं मशीन लावतो आम्ही. तुम्हाला सांगता येतं, तर तुम्ही खोटं सांगता?"

सुनेला जमलं नाही ते त्या पोरीनं केलं, मला गप्प बसवलं! दवाखान्यात सगळं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले, पण गोळी बदलली. आता रात्री झोप लागते आणि दिवसभर टक्क जागी असते बघ, गप्पांना माणूस तेवढं कमी पडतं. पुन्हा लवकर ये गं, आणि राहायलाच ये.