वरली माती वर

नंदाचा फोन आला तेव्हा उरलेली रजा फुकट जाणार म्हणून मी कुढत बसले होते. कॉलेजपासूनची ही मैत्रीण पुरातत्त्वात आहे. गोव्यात साखळीजवळ कारापूरला एका शेतात उत्खनन चाललंय, चार दिवस ये म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे लगेच सोन्याची नाणी!

बेळगावहून चोर्ला घाटाने जायला सकाळची बस बरी. घाट लागत असेल तर उपाशी निघू नका. मी तशीच निघाले आणि भोगलं. साखळीला स्टँडजवळ पातळ भाजी आणि गरम पाव पोटात गेल्यावर जिवात जीव आला. राहायला खोली साखळीतच मिळते, तिथून रिक्षाने कारापूर.

शेत गंगाबाईंचं. नांगरताना खापऱ्या निघाल्या म्हणून नंदा आधी कितीतरी दिवस नुसती शेतभर फिरली होती, कुठे काय पडलंय ते नकाशावर मांडत. मग सरकारी परवानगी. पण सगळ्यात अवघड परवानगी गंगाबाईंची. खाणीचा गाळ पावसात वाहून येऊन त्यांचं खालचं शेत कायमचं गेलं. उरलंय ते एवढंच. यंदा खोदकामासाठी त्यांनी अळसांदे, म्हणजे इथली चवळी, तीही पेरली नाही. अट एकच: खोदा, पण वरची काळी माती शेवटी वरच आली पाहिजे.

म्हणून दोन ढीग होते. काळी माती बांधाजवळ, खालची तांबडी खडी लांब पलीकडे. दोरी ताणून आखलेले चौकोन, त्यात खुरपीने बोटभर बोटभर उतरायचं, रंग बदलला की थांबायचं, मोजायचं, लिहायचं. सोनं नाहीच. कुठल्याशा जुन्या घराच्या चोपून केलेल्या जमिनीचा एक तुकडा लागला आणि नंदा आनंदाने त्याच्यापुढे मांडी घालूनच बसली. मला मात्र त्यात काही दिसेना, याची मनातून लाज वाटली.

दुसऱ्या दुपारी कंबर मोडली आणि मी खडीची घमेली जवळच्या काळ्या मातीच्या ढिगावरच ओतू लागले. सरळ सांगायचं तर आळस. दहा-बारा घमेली झाली असतील, तेव्हा गंगाबाई येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. खडी ओंजळीत घेतली आणि नंदाला म्हणाल्या, "बाय, आता पुरे. बुजवा."

नंदाचा चेहरा मला बघवेना. माझ्यासोबत काम करणारे अर्जुनदादा दोडामार्गकडचे, पूर्वी जवळच्याच पाळी गावच्या खाणीवर होते. ते ढिगाशी बसले आणि खडी वेचू लागले. "खाणीर इतकी वर्सां माती काडलंय," ते म्हणाले, "परत घालूक कोणीच सांगूक नाय." मीही बसले. दीड दिवस आम्ही चाळण घेऊन तेवढंच केलं. गंगाबाईंनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहिला आणि खोदायला आणखी तीन दिवस दिले.

बेळगावला परतले ती नखांत माती घेऊन आणि थोडी फुशारकीही. निस्तरलं ना सगळं, असं लोकांना सांगत होते.

भाद्रपदात नंदाने फोटो पाठवला. सगळं शेत हिरवंगार, फक्त एका कोपऱ्यात भात बुटकं आणि पिवळं. बुजवताना आम्ही चाळलेली माती तिथे पडली होती; बारीक खडी तिच्यात राहूनच गेली होती. नंदाने तो कोपरा नकाशावर नोंदला आहे, कारण पुढे कोणी खोदलं तर त्याला कळायला हवं. मला रडू आलं. मग गंगाबाईंचा निरोप वाचला: "तिका सांग, कापणी झाल्यार ये. थंय कोपऱ्यात शेण घालूचा आसा."

रजेचा अर्ज दिला आहे.