बहात्तर वर्षांच्या बाईच्या फोनला चाइल्ड लॉक

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेच.

इथे इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या लायब्ररीत मी दर आठवड्याला ज्येष्ठांना मोबाइल शिकवते. आज सुमनकाकू आल्या. वय बहात्तर, इथल्याच हॉस्पिटलात तीस वर्षं मिडवाइफ होत्या. स्विमिंगचं बुकिंग आता फक्त ॲपवर होतं, ते त्यांना शिकायचं होतं. पण ॲप डाउनलोडच होईना. बघते तर फोनला चाइल्ड लॉक! शाळेतल्या पोरांच्या फोनला घालतात ते!

"मुलानं घातलंय," काकू खाली बघत म्हणाल्या. "मागे एकदा चुकीच्या लिंकवर दाबलं होतं मी, तेव्हा फार ओरडला."

त्यांना विचारून मी मुलाला स्पीकरवर फोन लावला. तो जवळच ब्रॅकनेल गावात आयटीत आहे.

"अहो, आईला नाही जमत हे," तो म्हणाला. "तिला काय हवं ते मी करून देतो ना!"

"दोन आठवडे मागे लागलेय, केलंस बुकिंग?" काकू एकदम बोलल्या. "आणि ऑफिसात तूही तसलीच लिंक दाबली होतीस. तुझ्या फोनला कुणी लॉक घातलं?"

मग त्यानं लॉकचा पिन सांगितला. काकूंनी लॉक स्वतः काढलं आणि गुरुवारचं बुकिंगही स्वतःच केलं.

म्हातारी माणसं टेक्नॉलॉजीला घाबरतात म्हणे! काकू फोनला नव्हत्या घाबरत, मुलाच्या ओरडण्याला घाबरत होत्या.

खरं सांगा, "राहू दे, तुला नाही जमणार" असं म्हणून तुम्ही आईबाबांच्या हातातून कितीदा फोन ओढून घेतलाय?