काळ्या टेपखालचा जोड

टेस्टरकाकांना खरं नावही होतं, पण ते बँकेच्या पासबुकापुरतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, म्हणून सगळे त्यांना टेस्टरकाका म्हणत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली होती. गाडीच्या बाबतीत ते एकदा बोलले की पुढे कोणी वाद घालत नसे, आणि नेमकं तेच एका बाईला भोवलं.

त्यांच्या दुकानापासून चार घरं सोडून एक लॉन्ड्री होती. इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जात आणि ओल्याच गठ्ठ्यांनी चढावरच्या आवारात वाळवायला नेल्या जात. नेण्याचं काम लॉन्ड्रीवाल्यांची सून करायची. गाडी होती एक जुनी डिझेल पिकअप. सून ती अरुंद फाटकातून एका दमात मागे घ्यायची. बघणारे हातातलं काम थांबवून बघायचे.

त्या उन्हाळ्यात पिकअप मध्येच बंद पडू लागली. सून गाडी घेऊन काकांकडे आली आणि तिने नीट सांगितलं. दुपारीच होतं, भरलेली गाडी चढावर असतानाच होतं. आधी हिसके नाहीत, काही नाही, दिवा मालवावा तसं इंजिन बंद. डॅशबोर्डचे दिवे मात्र चालू राहतात. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

काकांनी गाडी सकाळच्या गारव्यात, रिकामी, दुकानाच्या दारात तपासली. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला लॉन्ड्रीवाले सोबत होते. काका हात पुसत हसत म्हणाले, "गाडीत काही दोष नाही. दोष असेल तर चालवणाऱ्याच्या पायात आहे. क्लच लवकर सोडत असेल."

लॉन्ड्रीवालेही हसले. सून हसली नाही. ती म्हणाली, "काका, क्लचने बंद पडली तर झटका बसतो ना?" प्रश्न बरोबर होता. काकांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

आठवड्याभरात गाडीची किल्ली एका ड्रायव्हरकडे गेली आणि सून चादरींच्या घड्या घालायला बसली.

दोन महिन्यांनी तो ड्रायव्हर घामाघूम होऊन चालत दुकानात आला. गाडी चढावर बंद पडली होती. मागून येणाऱ्या ट्रकने हातभर अंतरावर ब्रेक मारला, म्हणून तो वाचला होता. गाडी ओढून आणेपर्यंत गार झाली आणि पहिल्या किल्लीला सुरू झाली. ड्रायव्हर म्हणाला, "हिसका नाही, काही नाही. दिवा मालवावा तशी गेली."

हेच शब्द आधी कोणी सांगितले होते ते काकांना लगेच आठवलं. जेवणाचा डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते लॉन्ड्रीत गेले आणि म्हणाले की गाडी तपासायची आहे, पण सूनबाईंनी चालवायला हवी. का, ते सांगितलं नाही. खरं म्हणजे ती गाडी तिच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. ती हातातली चादर ठेवून उठली.

इंजिनाच्या डिझेल पंपावर विजेवर चालणारा एक लहान व्हॉल्व असतो. त्याला करंट मिळाला तरच इंजिनाला डिझेल जातं. काकांनी त्या व्हॉल्ववरून एक वायर आत घेतली, तिला छोटा दिवा जोडला आणि तो हातात धरून बसले. भर दुपारी, मागे ओले गठ्ठे भरून, तिने गाडी चढाला घातली. निम्म्या वाटेवर दिवा मंद झाला, विझला, आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. तिने शांतपणे गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत राहिली.

"तुझा पाय कुठे होता?" काकांनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"ॲक्सिलरेटरवर."

बॉनेट उघडून, गरम असतानाच, ते मीटर घेऊन वायरीच्या मागे लागले. एका ठिकाणापर्यंत बारा व्होल्ट येत होते आणि वीतभर पुढे जेमतेम चार. त्या वीतभरात काळ्या टेपचा एक गोळा होता, एक्झॉस्टच्या तापल्या नळीला जवळजवळ टेकलेला. त्यावर ओलं फडकं ठेवल्यावर व्होल्ट हळूहळू पुन्हा चढले. टेपच्या टोकाला पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारलेली होती. टेप सुटू नये म्हणून अशी गाठ त्या गावात एकच माणूस मारायचा.

चार वर्षांपूर्वी उंदरांनी वायर कुरतडली होती. तेव्हा घाईत दोन टोकं नुसती पिळून काकांनी टेप मारली होती. सोल्डर उद्या करू, असं स्वतःशीच म्हणाले होते. तो उद्या राहूनच गेला. आत तांबं काळवंडलं होतं. तापलं की जोड सैल होई, निवला की पुन्हा धरे.

सून शेजारीच टॉर्च धरून उभी होती. तिने विचारलं, "सापडलं?"

"जोड ढिला होता," काका म्हणाले, आणि दोरा तोडून मुठीत लपवला.

त्यांनी नवी वायर टाकली, सोल्डर केलं, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली, नळीपासून लांबून फिरवली. हात चोख चालत होते, पण मान वर होत नव्हती. घरी येऊन त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय?"

सकाळी ते लॉन्ड्रीत गेले. सून टेबलापाशी चादर झटकत होती, सासरे गठ्ठे मोजत होते. काकांनी तो दोरा टेबलावर ठेवला.

"तो जोड माझाच होता, कच्चा ठेवलेला. आणि नाव तुझ्या पायाचं घेतलं. काल खरं सांगायला हवं होतं, तेही धाडस झालं नाही."

लॉन्ड्रीवाले सावरून घेत म्हणाले की चालायचंच, माणूस आहे. सून काकांकडेच बघत होती.

"काका, मी रोज खुर्चीवर बसून पाय दाबून बघायचे," ती म्हणाली. "क्लच केव्हा सोडते, केव्हा दाबते. मलाच वाटायला लागलं होतं की मला गाडी येत नाही."

सासऱ्यांनी किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. तिने हातातली घडी पूर्ण केली, आणखी दोन चादरींच्या घड्या घातल्या, मग किल्ली उचलली.

पिकअप पुन्हा ती चालवू लागली, पण दुरुस्तीला गाडी दुसऱ्या टोकाच्या मिस्त्रीकडे जाऊ लागली. काकांच्या दारावरून जाताना ती हात करायची नाही. त्यांना त्याचा राग आला नाही. आपल्याला याहून कमी शिक्षा मिळाली असती तर बरं वाटलं नसतं, असं ते बायकोला म्हणाले.

सातआठ महिन्यांनी एक दिवस पिकअप दारात थांबली. काका लगबगीने वही घेऊन बाहेर आले. केव्हापासून होतंय, उन्हात होतं की सावलीत, गाडी भरलेली असताना की रिकामी, सगळं विचारून एकेक ओळ लिहायला लागले.

सून काही वेळ उत्तरं देत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"अहो काका, हॉर्न वाजत नाहीये. एवढंच."