नऊवर अडकलेली मोजणी

सन २००४. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. शिक्षण तिसरी, पण भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नाही. मिठागरात जन्म गेला, अमावस्येलाही बांधावर झोपलोय... कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहितोय, कारण सून म्हणते लिहा.

नवघरला आमचं घर. शेजारी थोरला भाऊ, दादा. अंगणात मी मधोमध भिंत घातली तेव्हापासून बोलणं बंद. भिंत माझ्या हद्दीत होती — आजही तेच म्हणेन.

मार्च महिना, दुपार. सून गणिताची टीचर. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने कागदाच्या लांब पट्टीवर 'पाय'चे आकडे लिहिले होते. गोलाचा घेर भागिले रुंदी, म्हणे ते कधी संपतच नाही. मी म्हटलं, "जे संपत नाही ते मोजायला घेतलंच कशाला?" ती हसली आणि कॉम्प्युटरवरून काढलेल्या कागदाशी ताडून एकेक आकडा मोठ्याने वाचत राहिली. मी खुर्चीत डोळे मिटून. दोन, एक, एक, तीन, चार... आणि मग नऊ. नऊ. नऊ. नऊ. नऊ. नऊ.

मी ताडकन उठलो. का ते सांगतो. मिठागरात मिठाची पाटी ओतली की मोजणारा आकडा बोलायचा, आणि पुढची पाटी येईपर्यंत तोच आकडा बोलत राहायचा, विसरू नये म्हणून. दोनदा, तीनदा. त्याहून जास्त झालं की सगळे हातातलं टाकून पळायचे — पुढची पाटी आली नाही म्हणजे कोणीतरी बांधावरून चिखलात गेला. आमच्याकडे मोजायला दादाच असायचा. आणि आत्ता ऐकला तो आवाज सुनेचा नव्हता, दादाचा होता.

आत बघतो तर सून स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी झाली म्हणून चारवरच वाचन सोडून उठली होती.

मी चपला घातल्या. दादाला बघून येतो म्हटलं.

"पप्पा, तुम्ही तर बोलत नाही त्यांच्याशी."

"बोलायला कोण चाललंय?"

दादा रोज दुपारी बंद पडलेल्या मिठागरावर फेरी मारायचा. बोलत नसलो तरी बघत होतो. घरापासून ते लांब, मध्ये बिल्डिंगींची कामं, मिक्सरची घरघर — हाक येणं शक्यच नाही. पोचलो तर दादा बांधाखाली छातीपर्यंत रुतलेला, खाडीला भरती लागलेली. साईटच्या वॉचमनला ओरडलो, "भैया, रस्सी लाओ," आणि दोघांनी मिळून ओढला.

"मोजत होतास काय?" इतक्या वर्षांनी माझा पहिला शब्द.

"तोंडात चिखल हाय," दादा थुंकत म्हणाला, "मोजतो कुठला?"

संध्याकाळी सुनेने कागद दाखवला. चारच्या पुढे खरंच ओळीने सहा नऊ. म्हणाली, ते आधीपासूनच तिथे आहेत, जगात कुठेही बघा, तिथेच. मग दादाच्या आवाजात मला ते वाचून कोणी दाखवले?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि भिंतीला लागलो. दादा पलीकडे खाटेवर बसून, कोणी न सांगता, विटा मोजायला लागला. नवव्या विटेला मी दम खायला थांबलो.

"नऊ... नऊ..." आणि मग, "टाक ना पुढची."

टाकली.