तिथला राखणदार कोण?

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम घडवत नाही. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तसे ते येतात. पुसून ठेवावं, तर आठवड्याने पुन्हा तयार! लग्न होऊन पेडण्याहून कारापूरला आले, तेव्हापासून मी मुकाट्याने बघतेय. नव्या सुनेला दुसरं काय जमतं? आता जरा बोलते.

माझा धाकटा दीर सुयश जॉर्जियात डॉक्टरकी शिकतो. तो आणि त्याचे हॉस्टेलमधले मित्र मिळून मराठीत ब्लॉग लिहितात. त्यात बर्फ, मेसचं जेवण, मुडदे आणि परीक्षा, सगळं असतं. सासूबाईंना, म्हणजे माईंना, फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. माझा नवरा रविवारी माशाच्या हुमणाबरोबर भात जेवला की आडवा होतो. म्हणून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी मध्येच हात वर केला. त्यांचं बाजारात बियाणं-खतांचं दुकान आहे, प्रत्येक मालाचा मूळ उत्पादक कोण ते त्यांना लागतं.

"ह्याचो संपादक कोण?"

"सुयश भावजीच."

"छापता कोण?"

"तेच."

"आनि वाचता कोण?"

मी जरा विचार केला. "आपण."

"मगे फोन करूंक कितें जालां ताका?"

मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

*

लेखाखाली प्रतिक्रिया लिहिता येते हे माईंना कळलं, आणि संपलंच! सुयशने पहिल्या शवविच्छेदनावर फार गंभीर लेख लिहिला होता. माणूस म्हणजे काय, वगैरे. माईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गो, बरय ताका. पोट साफ जाता मरे?"

मी लिहिलं. 'बरय' म्हणजे लिही, आणि नव्या सुनेने नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळपर्यंत खाली कोल्हापूरच्या एका मुलाचं उत्तर आलं. "काकू, त्याचं माहीत नाही, माझं होत नाही. काय करू?"

माईंनी त्याला कोकमाचं पाणी सांगितलं. मग दुसऱ्याला ओवा. मग तिसऱ्याची आई तिच्या गावाहून विचारायला लागली. हे सगळं माझ्या नावावरून! मला आता पंचविसाव्या वर्षी परदेशातले निम्मे होऊ घातलेले डॉक्टर "काकू" म्हणतात, आणि माझा दीर तिथे बसून गप्प हसतो.

*

एकदा सुयशने 'रुग्ण कसा ओळखावा' असा लेख टाकला. उदाहरण असं: पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, दुखत नाही असं सगळ्यांना सांगते, गोळ्या चुकवते.

मी वाचता वाचता हळू झाले. माई दारात उभ्या, एक हात गुडघ्यावर.

"माज्या धोंपरांची जगभर जाहिरात?"

"माई, उदाहरण आहे ते. कुणीही असू शकतं."

"कोणूय? तर मगे बरय."

लेखाखाली आजही ती ओळ आहे. "गोळी चुकवत नाही. कळावे. आपली, रुग्ण."

*

मग तो लेख आला, ज्यावर माईंनी काही लिहायला सांगितलं नाही.

तिथे पेशंटशी त्यांच्या भाषेत बोलून आजाराची माहिती काढून घ्यायची तोंडी परीक्षा असते. सुयशच्या वाट्याला वॉर्डातली एक म्हातारी आली. याने पाठ केलेले प्रश्न धडाधड विचारले, तिने भिंतीकडे तोंड केलं. ती बोललीच नाही. हा नापास. आता एक संधी उरलेली, त्यातही गेला तर वर्ष गेलं.

"वर्स वचूंक दिवंचें ना," सासरे म्हणाले. "नापास जालो तर घरा ये म्हण. दुकान आसा."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेने बोलले. सुयश लहानपणापासून त्या दुकानातून पळ काढत आलाय, हे घरात आल्यावर महिन्याभरातच मलाही कळलं होतं. माई उठल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. तांदूळ सकाळीच निवडलेले होते.

*

दुसऱ्या दिवशी माई मला घेऊन देवळात गेल्या, गुणोकाकांकडे. देवाला गावचं गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, तेच घालतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"आमच्या देवाची हद्द न्हंयकडेन सोंपता. फुडें पोराक कोणाच्या हातीं दिवंचो? थंयचो राखणदार कोण?"

न्हंय म्हणजे आमची नदी, आणि राखणदार म्हणजे गावाची हद्द सांभाळणारा देव. माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ब्लॉगवर लिहिलं, "तुमच्या शहराचा राखणदार कोण? कृपया लवकर कळवा."

पहिलं उत्तर आलं, "काकू, हॉस्टेलला वॉचमन आहे, पण तो झोपतो." दुसऱ्याने दूतावासाचा पत्ता दिला. सुयश मात्र कारापूरचा, त्याला प्रश्न बरोबर कळला. त्याने एक फोटो टाकला. शहरावरच्या डोंगरावर एका बाईचा प्रचंड पुतळा, डाव्या हातात वाडगा, उजव्या हातात तलवार. मित्र आला तर वाडगा पुढे, शत्रू आला तर तलवार.

गुणोकाकांनी फोन लांब धरून बघितलं. "वाडग्यांत कितें?"

"वाइन," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खुलला. आमच्या राखणदारालाही रोटीबरोबर दारूच लागते. "मगे आपल्यांतलीच ती!"

नारळ ठेवला. व्हिडिओ कॉलवर तिकडची मुलं गोळा झाली. गुणोकाका सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! डोंगरावयले बाये, तुजी आमची वळख ना, पूण आमचो झील तुज्या दारांत आसा. ते म्हातारेच्या तोंडांतल्यान उतर भायर काड!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

फोनमधूनही आलं, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज सुयशच्या नायजेरियन रूममेटचा.

*

परीक्षेनंतर ना फोन, ना मेसेज. रविवारी लेख आला. शीर्षक होतं, 'पास झालो. कसा ते विचारू नका, मलाही कळलेलं नाही.'

सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नवराही उठून बसला. मी वाचायला लागले.

"वॉर्डात पुन्हा तीच म्हातारी. ती उशीला टेकून सफरचंद कापत बसली होती. डाव्या हातात वाडगा, उजव्या हातात सुरी. मला बघून थांबली. परीक्षक वाट बघत होते. पाठ केलेली सगळी भाषा डोक्यातून उडाली. तोंडातून एवढंच निघालं, 'व्हय म्हाराजा.' मग ती बोलायला लागली. नर्स थांबवायला आली, तरी थांबेना."

"मार्क कितले?" सासऱ्यांनी विचारलं.

"जरा रावा!" माईंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्याजवळ सरकल्या. "गो, विचार ताका. तिणें खंयचो हात फुडें केलो?"

मी लिहिलं. चौघं त्या एवढ्याशा फोनवर वाकून बसलो.

उत्तर आलं.

"वाडग्याचा."