आईचं वजन

मुलांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरना मागून सगळे ‘तराजू’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग तर सोडाच, मनातून त्या खूशच असाव्यात. ऐकीव वजनावर सलाईन लावायचं नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा हेका. हिशेब तसा शाळकरी पोरालाही जमेल असा: पहिल्या दहा किलोंना तासाला किलोमागे चार मिली, पुढच्या दहांना दोन, त्यावर एकेक. “गणित कुणाचंच चुकत नाही हो,” त्या म्हणत, “चुकतो तो पहिला आकडा.”

त्या दुपारी ड्यूटीवर येताच त्या तीन नंबरच्या खाटेपाशी थबकल्या. तीन वर्षांची पोर, दोन दिवस उलट्या, काल भरती केलेली. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, सगळी भिस्त सलाईनवर. ओठ सुकलेले, सकाळपासून लघवी एकदाच. कागदावर वजन नऊ किलो, सलाईन तासाला छत्तीस.

“नऊ? अहो डॉक्टर, ही पोर नऊ किलोची दिसते तुम्हाला?”

नव्या डॉक्टरांचा चेहरा पडला. “काट्यावर उभीच राहीना, लाथा झाडत होती. मग आईने कडेवर घेतलं. दोघींचं चौसष्ट भरलं. आईने स्वतःचं पंचावन्न सांगितलं, ते वजा केलं.”

“तिने सांगितलं आणि तुम्ही घेतलं! धन्य आहे.” त्या आईकडे वळल्या. “चल गं, एकटी उभी राहा बघू.”

“पंचावन्नच आहे हो सिस्टर, कधीपासून तेवढंच आहे.”

काट्याने पन्नास दाखवले. आईने वाकून पुन्हा पाहिलं. “काटा बिघडलाय वाटतं.”

“काटा सकाळीच तपासलाय.”

चौसष्टातून पन्नास गेले, उरले चौदा. दहांचे चाळीस, चारांचे आठ, अठ्ठेचाळीस. म्हणजे कालपासून पोरीला गरजेच्या पाव हिस्सा पाणी कमीच जात होतं. डॉक्टरांनी आकडा खोडला, सही केली, उलट्यांची भरपाईही नव्याने मांडली. संध्याकाळपर्यंत पोरीला दोनदा लघवी झाली आणि ती पाण्यासाठी भोकाड पसरण्याइतकी तरतरीत झाली.

सिस्टर मात्र आईच्या त्या पाच किलोंपाशीच अडकल्या होत्या.

“जेवलीस कधी?”

आईला आठवावं लागलं. “ही कधीची आजारीच असते. ती खात नाही, मग मलाही घास जात नाही.”

सिस्टरना फार वाईट वाटलं. त्यांनी ते दाखवलं नाही. आपला डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. “तिला सलाईन आहे. तुला कोण लावणार? खा मुकाट्याने.”

मग त्यांनी कागद ओढला. आईच्या वजनाला त्यात रकाना नव्हता. त्यांनी कडेलाच लिहिलं: आई, पन्नास.

“उद्या परत वजन करणार आहे मी,” त्या म्हणाल्या.

“हिचं ना?”

“दोघींचं. वेगवेगळं.”